फोर-के, पण कोणासाठी?

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

टीव्हीच्या दुकानात शिरलं की आधी डोळे दिपतात आणि पाठोपाठ अक्कल! भिंतभर टीव्ही लावलेले असतात आणि सगळ्यांवर तेच चित्र चाललेलं असतं. मधाची धार, पोपटाचं पीस, रात्रीच्या शहरातले दिवे. खाली चकचकीत स्टिकर्स: फोर-के, एचडीआर, शंभर कोटी रंग. समोर उभ्या असलेल्या माणसाला वाटतं, सगळेच चांगले आहेत, मग स्वस्तातला घेऊन मोकळं व्हावं. मित्रमैत्रिणींनो, इथेच तर खरी गंमत आहे. मधाची धार कुठल्याही टीव्हीवर छानच दिसते. पण आपण टीव्हीवर मधाची धार बघतो का?

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेत मराठी आठवड्यातून मोजक्या तासांना भेटायची, तेही पाहुण्यासारखी. त्यामुळे 'रेझोल्यूशन'ला शुद्ध मराठीत काय म्हणतात हे विचारू नका. मी रेझोल्यूशनच लिहिणार!

तर झालं असं. आमच्या लेडीज हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक जुना ३२ इंची टीव्ही होता. त्याच्या बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्यांपैकी खालची पट्टी गेली होती, त्यामुळे खालचं अर्धं चित्र कायम संध्याकाळी आणि वरचं अर्धं दुपारी! २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत महिला वर्ल्ड कपची फायनल झाली, ती आम्ही याच टीव्हीवर बघितली. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली आणि मध्यरात्रीनंतर संपली. भारत ५२ धावांनी जिंकला. आम्ही नाचलो, ओरडलो, रडलोसुद्धा. पण स्कोअर नेमका त्या अंधाऱ्या पट्टीत. मागच्या बाकावर बसलेल्या मेसच्या मावशी दर ओव्हरला विचारत होत्या, "किती झाल्या गं?"

दुसऱ्या दिवशी ठरलं, नवीन टीव्ही. १२० मुली, प्रत्येकीचे ३०० रुपये, एकूण ३६,०००. ज्यांना जमणार नाही त्यांनी दिले नाहीत तरी चालेल, असं आम्ही बोललो होतो. तरी सगळ्यांनी दिले. ३०० रुपये म्हणजे महिन्याचा मोबाईल रिचार्ज. तो पुढे ढकलून पैसे देणाऱ्या मुली आमच्यात आहेत, हे मला माहीत होतं. आणि मावशींनी कोणी न मागता पदराच्या गाठीतून १०० ची नोट काढून दिली. "मीबी बघतेच की," म्हणाल्या.

रेक्टर मॅडमनी पैसे कपाटात ठेवले आणि माझ्याकडे वळल्या. "तू इलेक्ट्रॉनिक्सची ना? मग कोणता घ्यायचा आणि का, ते एका पानात लिहून दे. सगळ्यांचे पैसे आहेत." हे शेवटचं वाक्य मला सबमिशनपेक्षा जड गेलं.

सुरुवात गणितापासून केली, कारण गणिताला कमिशन मिळत नाही. फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० पिक्सेल, एकूण ८२,९४,४००. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २०,७३,६००. बरोबर चौपट. पण हे चौपट डोळ्याला दिसायला तर हवं! चांगली नजर असलेला माणूस साधारण एक मिनिटाचा कोन, म्हणजे एका अंशाचा ६० वा भाग, वेगळा ओळखू शकतो. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंमी रुंद असतो. त्यावर फुल एचडीचा एक पिक्सेल अर्ध्या मिलिमीटरचा पडतो आणि तो १.७ मीटरच्या, म्हणजे साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगळा दिसतच नाही. ५५ इंचीला ही सीमा सात फुटांच्या जरा पुढे जाते. आता आमची कॉमन रूम बघा. चटईवर बसणाऱ्यांची पहिली रांग सहा फुटांवर, शेवटचा बाक सोळा फुटांवर. म्हणजे ४३ इंची घेतला तर फोर-केचा फायदा कोणालाच नाही आणि ५५ इंची घेतला तर फक्त चटईवाल्यांना!

मग फुल एचडीच घ्यावा का? तसंही नाही. ४३ इंच आणि त्याच्या वरच्या आकारात आता बहुतेक सगळे टीव्ही फोर-केच मिळतात. म्हणजे फोर-के ही निवड राहिलेलीच नाही, ती फक्त स्टिकरवरची ओळ आहे. निवड करायची ती बाकीच्या गोष्टींत.

दुसरा मुद्दा, टीव्हीत येतं काय? जुने एसडी चॅनेल ७२० गुणिले ५७६ चे, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. फोर-केच्या बरोबर विसावा हिस्सा! म्हणजे एसडी चॅनेल लावला की दर वीस पिक्सेलमधले एकोणीस टीव्हीने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. (आपल्या ओरलसारखंच. एक वाक्य पाठ, बाकी एकोणीस अंदाजे!) आपल्याकडच्या एचडी चॅनेलवर १०८० ओळी येतात, त्याही एका वेळी एकाआड एक. खरं फोर-के बघायचं तर स्ट्रीमिंग लागतं. त्याला नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसचा वेग लागतो म्हणतं. रात्री दहाला हॉस्टेलच्या वाय-फायवर १५ एमबीपीएस म्हणजे... जाऊ दे! तेव्हा स्वस्त टीव्हीची परीक्षा फोर-के डेमोवर घ्यायचीच नाही. ती घ्यायची हलक्या सिग्नलवर. अंदाज बांधताना चेहरे मेणाचे होतात का, बॅटच्या कडेला करवतीचे दात दिसतात का, ते बघायचं.

एवढी तयारी करून मी आणि माझी रूममेट दुकानात गेलो. सोबत लॅपटॉप, एचडीएमआय केबल, स्टीलची पट्टी, छत्रीचं काळं कापड आणि इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून सरांच्या परवानगीने आणलेला लक्स मीटर. सेल्समन दादांना वाटलं आम्ही इन्कम टॅक्सवाल्या! पण दिवस मधला वार, दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी करू दिलं.

लॅपटॉप अशासाठी की पेनड्राइव्हवरचा फोर-के फोटो कित्येक टीव्हींचं फोटो अ‍ॅप आतल्या आत फुल एचडीला उतरवून दाखवतं. पॅनेलची परीक्षा घ्यायची तर सरळ एचडीएमआयमधून. मी रात्री बसून चार साध्या प्रतिमा तयार केल्या होत्या. पूर्ण पांढरी, पूर्ण काळी, एकसारखी करडी आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू जाणारी पट्टी. शिवाय निळ्यावर लाल बारीक अक्षरं. ती फुटली तर समजायचं की टीव्ही रंगाची माहिती कमी करून घेतोय. मग प्रेझेंटेशनला त्रास.

पहिलं काम केलं ते 'व्हिव्हिड' मोड बंद करण्याचं. दुकानात झगमगाट असतो, म्हणून तिथे रंग भडक आणि पांढरा निळसर ठेवतात. 'सिनेमा' मोड लावल्यावर सगळं चित्र एकदम हळद लावल्यासारखं पिवळं वाटलं. दादा म्हणाले, "मॅडम, खराब केलंत!" पण दोन मिनिटं थांबलं की डोळा सरावतो आणि माणसांचे चेहरे माणसांसारखे दिसायला लागतात. 'शार्पनेस'ही खाली आणला. तो वाढवला की तपशील वाढत नाही, कडांना फक्त पांढरी किनार येते.

मग मोजमाप. लक्स मीटर पांढऱ्या पडद्याला टेकवला, वरून काळं कापड घातलं. आलेला आकडा ३.१४ ने भागला की साधारण निट्स मिळतात. हे अगदी काटेकोर नाही, पण दोन टीव्हींची तुलना करायला पुरतं. ५५ इंची दोन टीव्ही आमच्या बजेटमध्ये होते. पहिला ८०० लक्स, म्हणजे २५५ निट्स. दुसरा ८६०, म्हणजे २७४. आता एचडीआरची जी पद्धत आहे तिच्यात १०,००० निट्सपर्यंतची जागा ठेवलेली आहे. २५५ निट्सच्या टीव्हीवर 'एचडीआर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की त्याला ती भाषा समजते. बोलता येत नाही! (माझं आणि संस्कृतचं असंच आहे.) तेव्हा त्या स्टिकरला मी शून्य मार्क दिले.

काळ्या प्रतिमेवर मात्र दोघांची जात कळली. पहिला ०.२ लक्स, दुसरा ०.८. म्हणजे पहिल्याचा कॉन्ट्रास्ट ४००० ला एक आणि दुसऱ्याचा हजाराच्या आसपास. पहिला व्हीए पॅनेलचा, दुसरा आयपीएस. रूममेट सिनेमावेडी, ती लगेच म्हणाली, "पहिलाच! काळा म्हणजे काळा दिसतो."

मी तिला हाताला धरून बाजूला नेलं. समोरून पाच पावलं उजवीकडे, मग आणखी दोन. पहिल्या टीव्हीवरच्या चेहऱ्यांवर राख फासल्यासारखं झालं, रंग धुऊन निघाले. दुसऱ्यावर फारसा फरक नाही. आमची खोली १८ फूट रुंद. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून टीव्ही साधारण ५० अंशांतून दिसतो आणि मॅचच्या दिवशी निम्म्या मुली कोपऱ्यातच असतात. शिवाय रेक्टर मॅडमच्या नियमाने कॉमन रूमची ट्यूब कधी बंद होत नाही. ट्यूबचा उजेड पडद्यावरून परततो आणि काळा तसाही करडा होतो. म्हणजे व्हीएचा मोठा गुण आमच्या खोलीत वाया आणि त्याचा दोष मात्र निम्म्या जणींना रोज. घरी, अंधार करून, सोफ्यावर समोर बसणाऱ्या तिघांसाठी मी उलट सल्ला दिला असता.

करड्या प्रतिमेवर दोघांच्याही कडा किंचित मळकट होत्या. हिरव्या मैदानावरून कॅमेरा सरकला की तो मळ दिसतो. पण दोघांचा सारखाच, म्हणून सोडून दिलं.

राहिला प्रश्न आकाराचा. काही जणींचं म्हणणं होतं की ४३ इंची चांगल्यातला घ्यावा, 'क्वालिटी' महत्त्वाची. वाद घालण्याऐवजी मी पट्टी लावली. क्रिकेटच्या स्कोअरचं अक्षर ४३ इंचीवर १३ मिलिमीटर उंच भरलं, ५५ इंचीवर १७. आमच्या जुन्या टीव्हीवर ते १० होतं. निरोगी डोळ्याला अक्षर वाचायला पाच मिनिटांचा कोन लागतो, म्हणजे सोळा फुटांवरून सात मिलिमीटर. आमच्या वयाला ४३ इंची आरामात पुरतो. पण नजर अर्धी झालेल्या माणसाला लागतात चौदा! मावशींचा चष्मा किती जुना आहे हे त्यांनाही आठवत नाही. ४३ इंचीला त्यांच्यासाठी एक मिलिमीटर कमी पडत होता. मी दुकानाच्या टोकाला, फ्रिजच्या रांगेत जाऊन, डोळे बारीक करून दोन्ही टीव्ही बघितले आणि रिपोर्टचं शेवटचं वाक्य तिथेच सुचलं.

पान लिहून दिलं: ५५ इंची, आयपीएस, किंमत ३३,५००. (२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्याचा आम्हाला आधार मिळाला.) उरलेल्या २,६०० मध्ये भिंतीचा ब्रॅकेट आणि स्पाइक गार्ड. दोषही लिहिले. काळा रंग करडा दिसेल, एचडीआरची अपेक्षा ठेवू नये, कडा थोड्या मळकट आहेत. कॉमन रूममध्ये मतदान झालं. रूममेटने विरोधात मत दिलं आणि नंतर ब्रॅकेट बसवताना स्टूलही तिनेच धरलं!

टीव्ही आला. परवा एका मॅचला मागच्या बाकावरून आवाज आला, "अगं, सात बॉलांत नऊ पाहिजेत, गप बसा की!" चटईवरच्या आम्ही सगळ्या गप्प. स्कोअर विचारायच्या मावशी आता स्कोअर सांगत होत्या.

तेव्हा टीव्ही घ्यायला जाणाऱ्यांनो, लॅपटॉप आणि केबल न्या, भडक मोड बंद करा, आपण रोज जे बघतो तेच लावा आणि बाजूने चालून बघा. पण त्याही आधी घरात सगळ्यात लांब कोण बसतं आणि कोणाची नजर कमी आहे, ते आठवा. पिक्सेल ८२ लाख असोत की २० लाख, चित्राची क्वालिटी तिथून मोजायची.