मामाच्या मळ्यातलं 'फोर्ड'

शुक्रवारी सहाला लॅपटॉप बंद केला आणि पुण्याहून थेट सोनई गाठली. घोडेगावला हायवे सोडायचा, शनिशिंगणापूर ओलांडायचं, की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मुळा साखर कारखान्याचं गाव ते! पण यावेळी हुरडा-बिरडा काही नव्हता. मामाचा फोन आला होता, "सोमवारी भंगारवाला येतोय. अण्णांचं इंजिन देऊन टाकतो."

अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांनी हे इंजिन विहिरीवर बसवलं होतं. पेट्रोलवर सुरू करायचं, रॉकेलवर चालवायचं. "लढाईतल्या फोर्ड जीपचं आहे," असं ते सांगायचे आणि सगळे हसायचे. जीप म्हणजे विलीज नाहीतर महिंद्रा, फोर्ड कुठून आली?

शनिवारी सकाळी गावातल्या मिस्त्रीला घेऊन बसलो. हेड सपाट, सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. म्हणजे नंतरचं 'हरिकेन' इंजिन बाद, कारण त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात. व्हर्निअर लावला. बोअर ७९ मिलिमीटर, स्ट्रोक १११. चार सिलिंडर, २१९९ सीसी. जीपच! पुढचं झाकण उघडलं तर आत टायमिंगची साखळी. युद्ध संपल्यावर काही काळानं तिच्या जागी गिअर आले, म्हणजे माल जुना होता.

पण विलीज की फोर्ड? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराला इतक्या जीप हव्या होत्या, की विलीजच्या डिझाइनवर फोर्डनंही पावणेतीन लाखांहून जास्त बनवल्या. दोघांचे पार्ट एकमेकांना बसत. फोर्ड मात्र आपल्या बोल्टांवर 'एफ' उमटवायची. एका बोल्टवर तो सापडलाही! मिस्त्री म्हणाला, "एका बोल्टानं काय होतंय? दुरुस्तीत कुणीबी टाकला आसंल."

मुद्दा बरोबर होता. मग रॉकेल आणि तारेचा ब्रश घेतला. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, पुढे, नंबराची जागा असते. अर्धा तास घासल्यावर नंबराच्या आधी तीन अक्षरं दिसली, 'जीपीडब्ल्यू'. फोर्डच्या जीपची खूण!

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "अण्णा खरं सांगत होते रे." आणि त्यानं भंगारवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून.

परतताना अहिल्यानगरचं टँक म्युझियम नक्की बघा. पहिल्या महायुद्धातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी तिथे दिमाखात उभी आहे. आमचं फोर्ड मात्र सोनईलाच, पत्र्याच्या शेडमध्ये. बघायला या, चहा मामाकडून!