बोट लागली आणि हरमल राहून गेलं

जुन्या पणजी-मुंबई बोटीचा विषय निघाला की आमच्या पिढीतला प्रत्येक जण रंगून बोलतो. डेकवर पसरलेल्या चटया, पत्त्यांचे डाव, भाऊच्या धक्क्यावर उतरताना हमालांची गर्दी. मी मात्र गप्प असतो, कारण मला त्यातलं फारसं दिसलंच नाही. मला बोट लागली होती.

1972 सालची गोष्ट. पणजीला बी.कॉम. झालो नि मुंबईहून एका बँकेचं मुलाखतीचं पत्र आलं. हरमलहून पहाटे निघालो, चोपड्याला फेरी ओलांडून शिवोली, तिथून म्हापसा, मग पणजी. आईने खाऊ-पिऊ घालून पाठवलं होतं, वर दशम्या बांधून दिलेल्या. समुद्रकाठचा माणूस, मला काय होणार अशी माझी ऐट. पण रापण ओढलेली बघणं वेगळं नि बोटीत बसणं वेगळं. लहानपणापासून होड्या पाहिल्या त्या वाळूत उभं राहून.

आग्वाद मागे पडलं नि बोट डोलायला लागली. माझी एकच इच्छा होती, आपलं गाव समुद्रातून बघायचं. गावातून समुद्र रोज दिसतो, समुद्रातून गाव कसं दिसतं ते बघायचं होतं. पण मळमळ सुरू झाली म्हणून मी खाली, सामानाच्या आडोशाला जाऊन डोळे मिटून बसलो. ते सगळ्यात वाईट. शेजारी एक वयस्क खारवी होते, म्हणाले, "भितर कित्याक बसता रे? भायर यो." मी गेलो नाही. दशम्या आणि आईचे कष्ट सगळं समुद्राला अर्पण झालं. डोकं वर काढलं तेव्हा हरमल, केरी, तेरेखोल सगळं मागे राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईत उतरलो तरी पायाखालची जमीन डोलतच होती. मुलाखतीत मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. समोरचे साहेब हसले, "बोटीनं आलात वाटतं?" निवड झाली. पुढची चौतीस-पस्तीस वर्षं आकडेमोडीत गेली. नोकरीत असताना 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींनीही प्रवास झाला, पण तेव्हा शहाणपण आलं होतं. बोटीत चढण्याआधी तासभर गोळी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर गोळी घेण्यात अर्थ नाही, ती पोटात राहतच नाही. गोळी घेतली की गुंगी यायची नि रात्र झोपेत जायची. म्हणजे गाव पुन्हा राहिलंच. नंतर त्या बोटीही बंद पडल्या.

आता खरी गोष्ट. 2023 च्या मे महिन्यात मुलाने आम्हा दोघांना मुंबईहून गोव्याची क्रूझ घेऊन दिली. संध्याकाळी निघायचं, सकाळी मुरगाव. मी लगेच हिशेब केला, उजाडताना जहाज आपल्या किनाऱ्यासमोरून जाणार. पन्नास वर्षांचं येणं वसूल होणार!

तयारी मी चोख केली, असं मला वाटलं. ओळखीच्या औषधाच्या दुकानातून प्रवासाची जुनीच गोळी आणली, प्रोमेथाझिनची. दुपारी चढण्याआधी एक घेतली. मे महिन्यात समुद्राला पावसाळ्याची चाहूल लागलेली असते, रात्री जहाज जरा हलायला लागलं, म्हणून दुसरी घेतली. एसीमुळे शिंका येत होत्या, तर ही म्हणाली, "अहो, सर्दीची गोळी घ्या एक." तीही घेतली. मळमळ अजिबात झाली नाही. जेवण उत्तम झालं.

रात्री दोनला जाग आली. लघवीला लागली होती, पण होईना. अर्ध्या तासाने परत गेलो, नाही. नळ सोडून ठेवला, येरझाऱ्या घातल्या. चारच्या सुमारास ओटीपोट दगडासारखं झालं होतं नि मला घाम फुटला होता. आयुष्यात उलट्यांनी जे हाल झाले नव्हते ते त्या दोन तासांत झाले. लाज वाटत होती म्हणून हिला उठवलं नव्हतं, शेवटी उठवलं.

जहाजावरची डॉक्टर आमच्या नातीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिचा पहिला प्रश्न, "काका, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?" चालू होती, सहा वर्षं. "मग ह्या तीन गोळ्या कुणाला विचारून घेतल्या?" कुणालाच नाही. मी बँकेत कागदपत्रं पाहिल्याशिवाय पाच हजारांचं कर्ज मंजूर केलं नाही कधी, आणि स्वतःच्या पोटात तीन गोळ्या बिनचौकशी मंजूर केल्या.

तिने नळी घातली. साधारण लिटरभर निघालं. त्या क्षणी जी सुटका वाटली ती मी इथं लिहू शकत नाही. मग तिने शांतपणे समजावलं. बोट लागण्याचं कारण पोटात नसतं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण हलतोय, आणि बंद खोलीत डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ येते. ही जुनी औषधं मेंदूतला तो गोंधळ दाबतात, पण मूत्राशयाचं आकुंचनही मंदावतात. तरुणाला जाणवत नाही. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची वाट आधीच अरुंद, त्यात हे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्या त्याच कुळातल्या, म्हणजे मी एकच औषध तीनदा घेतल्यासारखं झालं. काचबिंदू असेल तरी जपावं लागतं, आणि म्हातारपणी त्या गुंगीत पडायला वेळ लागत नाही. वर दारू घेतली तर विचारूच नका.

सर्दीचं आणि बोटीचं औषध एक कसं, म्हणून घरी आल्यावर वाचलं. 1947 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला ॲलर्जीचं नवं औषध दिलं, तर तिला ट्राममध्ये व्हायची ती मळमळ थांबली. मग पुढच्या वर्षी सैनिक नेणाऱ्या जहाजावर ते करून पाहिलं नि लागू पडलं.

तर आपल्या ग्रुपवरच्या साठी-सत्तरीतल्या मंडळींना विनंती. क्रूझचं बुकिंग झालं की आपल्या चालू औषधांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना जहाजाचं सांगा. खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागा, तिथं हलणं कमी. पोट तट्ट भरू नका, पुस्तक-मोबाईल नको. आणि त्या खारव्यांनी सांगितलं होतं तेच करा, बाहेर वाऱ्यावर उभं राहून लांब क्षितिजाकडे बघा. मी 1972 मध्ये ऐकलं असतं तर गोळीची सवयच लागली नसती.

मुरगावला उतरलो ते नळी-पिशवीसकट, परतीचा प्रवास सोडून थेट टॅक्सीने घरी. तीन दिवसांनी नळी काढली, सगळं सुरळीत झालं.

आणि हरमल? उजाडलं तेव्हा मी तपासणीच्या खोलीत आडवा होतो, तिथं खिडकी नव्हती. डॉक्टरने हिला म्हटलं, तुम्ही जाऊन या वर. ही गेली, मोबाईलवर फोटो काढून आणला. काळसर डोंगराची एक रेघ, खाली चार-दोन दिवे. मी तो घरी मोठा करून पुतण्याला दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला नि म्हणाला, "काका, हे हरमल नाही. मांद्रे असेल."