लाखेचं घर

एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्याची नोकरी गेली, की पुढची सोय लावायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा माणसाने इथे घर घेऊ नये, हे आमच्या मित्रांमधलं सर्वमान्य शहाणपण. मी घर घेतलं नाही. १९६२ सालचा शास्ता एअरफ्लाइट घेतला. गाडीमागे जोडून न्यायचा १६ फुटी कॅम्पर ट्रेलर, मागच्या बाजूला पत्र्याचे दोन पंख. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अरे, याचे पैसे आपण द्यायचे की भंगारवाल्याने आपल्याला?"

आत छोटा ओटा, कपाटं, आणि रात्री पलंग होणारं जेवणाचं टेबल. भिंती बर्च प्लायवूडच्या. मागच्या कोपऱ्यातलं प्लाय काळं पडलेलं, बोट लावलं की भुगा.

हे ट्रेलर आतून बाहेर बांधले जायचे. आधी जमीन, मग आतल्या भिंती आणि कपाटं, मग बाहेरून लाकडी चौकट, इन्सुलेशन आणि सगळ्यात शेवटी ॲल्युमिनियमचा पत्रा. त्यामुळे आतली कुजलेली भिंत नीट बदलायची, तर सुरुवात बाहेरचा पत्रा उतरवण्यापासून. आमच्या कामातही एरर दिसते एकीकडे आणि बग असतो भलतीकडेच. इथे पाणी शिरत होतं वरच्या खिडकीच्या कडेने, तिथली जुनी पुट्टी वाळून तडकली होती. आधी चौकटीच्या कुजक्या पट्ट्या बदलल्या. जुना तुकडा नव्या प्लायवर ठेवून पेन्सिलने आखला, कापला, बसवला. पत्रा परत चढवून खिडकीला ब्युटाइल टेप लावली. चार महिन्यांचे शनिवार-रविवार गेले.

मग रंगाचा प्रश्न. जुन्या भिंतींना मधासारखी झाक होती, नवं प्लाय पांढरंफटक. ती झाक शेलॅकची, म्हणजे आपले सुतार ज्याला चपडा म्हणतात त्याची. पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. भारतात सगळ्यात जास्त लाख झारखंडात होते.

बाबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे लाक्षागृहच की! पांडवांसारखं भुयार आधी खणून ठेव."

ते हसत होते, पण ६० दिवसांचा हिशेब त्यांनाही पाठ आहे. त्याच महिन्यात आमच्या टीममधले चौघे एका ईमेलने कमी झाले. मी राहिलो. का राहिलो, ते कुणी सांगितलं नाही.

त्या आठवड्यात रोज संध्याकाळी मी चपड्याचे हात मारत होतो. पातळ हात, तासाभरात कोरडा, मग पुढचा. पॉलियुरेथेनचा नवा थर वाळलेल्या जुन्यावर नुसता बसतो. शेलॅकचं तसं नाही. नव्या हातातलं स्पिरिट जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एक होतात. साठ वर्षांपूर्वीचा थर जिथे शाबूत होता, तिथे माझा त्यातच मिसळला. आता कुठला कुणाचा, ते मलाही दाखवता येणार नाही. पुढच्या मालकाला माझं काम खरवडावं लागणार नाही. पुसून घेतलं आणि वरून हात मारला, की झालं.

गाद्या अजून शिवायच्यात. टायर मात्र नवे टाकलेत आणि मालकीचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवलेत. मला निघावं लागलं, तर ट्रेलर दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीमागे जाईल. बाबांना सांगितलं, भुयार तयार आहे. ते म्हणाले, "बरं. मग आता गाद्यांचं कापड दाखव."