कळलावीचा डोळा

मार्च उजाडला की श्रीनगरच्या ट्युलिप बागेचे फोटो मोबाईलवर येऊन आदळतात. पाठोपाठ कुणीतरी विचारतोच, "गच्चीवर एवढे कंद लावता, मग ट्युलिप का नाही?" धुळ्याचं ऊन हे त्याचं कारण नाही, असं म्हटलं की समोरच्याला मी थापा मारतोय असं वाटतं. पण रानटी ट्युलिपचा कांदा मध्य आशियातल्या डोंगरउतारांवर तापलेल्या कोरड्या मातीतच उन्हाळा झोपून काढतो. त्याला लागते लांबलचक कडक थंडी, आणि झोपेत असताना पाऊस त्याला अजिबात खपत नाही. आमच्याकडे थंडी येते ती चार दिवस पारा खाली नेऊन पेपरात शेकोटीचे फोटो छापण्यापुरती, आणि जूनचा पाऊस कांदा सडवून मोकळा होतो. फ्रिजमधून काढून विकायला ठेवलेले कांदे आणायचे, एकदा फुलवायचे आणि फेकायचे, याला मी बागकाम म्हणत नाही. क्लुसियाना नावाची सडपातळ रानजात, आतून पांढरी, बाहेरून गुलाबी पट्ट्याची, इराणपासून पश्चिम हिमालयापर्यंत आपली आपण वाढते. तिचा लोभ मात्र अजून सुटलेला नाही.

माझ्याकडे आहे ती कळलावी. थिओडोर कुकने १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची जी जाडजूड नोंद प्रसिद्ध केली, तिच्यात कळलावी लिलीच्या कुळात, म्हणजे ट्युलिपच्याच घरात आहे. मुसळी, कोळकांदा सगळे तिथेच एकत्र नांदत होते. पुढे शास्त्रज्ञांनी खानदेशातल्या शेतांसारख्या वाटण्या केल्या. मुसळी आणि कोळकांदा शतावरीच्या कुळात गेले, कळलावी काश्मिरात बर्फ वितळताना फुलणाऱ्या पिवळ्या कोल्चिकमकडे गेली. भाऊबंदकी तुटली तरी चेहरेपट्टी राहतेच. सहा पाकळ्या, सहा पुंकेसर.

गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर उजव्या हाताच्या आंगठ्यात आणि मधल्या बोटात गाऊट शिरला. डॉक्टरांनी कोल्चिसिन लिहून दिलं, अर्धा मिलिग्रॅमची गोळी. ते पाकीट कुंड्यांच्या कठड्यावर ठेवलं आणि एकटाच हसत बसलो. कळलावीच्या कंदात आणि बियांत असतं ते हेच विष. तामिळनाडूत दिंडीगुल, करूरकडे शेतकरी तिला तारांवर चढवतात, सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावतात, ते सगळं या बियांसाठी. पेशीतली गुणसूत्रं दुप्पट करायला हेच रसायन वापरतात. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्लीने ते दाखवून दिलं आणि पुढे बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेने आलं. इतकी वर्षं जे हातमोजे घालून हाताळलं, शेजाऱ्यांच्या शेळ्यांपासून जपलं, ते आता जेवणानंतर पाण्याबरोबर पोटात जातं.

खरं तर हातमोजे मी कुंडी उकरताना काढूनच ठेवायचो, आणि सगळी गोष्ट इथेच अडते. कळलावीचा जुना कंद दरवर्षी संपतो आणि त्याच्या जागी नवा दुबेळका तयार होतो. प्रत्येक हाताच्या टोकाला एकच डोळा. उसाच्या कांडीवर एक गेला तर दुसरा असतो, केळीच्या कंदाला मुनवे फुटतच राहतात. हिचं तसं नाही. टोक मोडलं की तो हात मेला. वरून टणक, पांढरा, वजनदार दिसेल, पण कितीही पाणी घाला, फुटणार नाही. आणि मोडतो कसा, तर आवाजसुद्धा न करता. होळीच्या सुमारास डोळा म्हणजे फिकट, बारीक उंचवटा, मातीच्याच रंगाचा. तो दिसत नाही, लागतो. बोटाचं पेर कंदावरून सरकवत न्यायचं, गुळगुळीतपणा संपून किंचित ओलसर मऊपणा लागला की थांबायचं, मग माती खालून सैल करायची. ओढायचं कधीच नाही. त्यात कंद दरवर्षी थोडा आणखी खाली उतरतो, कुंडीच्या तळाला टेकून वाकडा होतो, दुसऱ्याच्या कुशीत शिरतो. म्हणजे न काढून चालत नाही आणि काढताना टोक कुणाच्या खाली दबलंय ते कळत नाही. सुजलेल्या बोटाला मऊ आणि कडक यातला फरक सांगता येत नाही. डाव्या हाताला तो कधी शिकवलाच नव्हता.

हे बेणं साक्री तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या बांधावरचं. तिथे बोरीच्या झुडपात पानांच्या टोकांनी धरत धरत वेल चढलेला असायचा. आता बांधच उरलेला नाही. दोन्हीकडून कोरत आणला, राहिलेला जेसीबीने सपाट केला. मुसळीचं वेड खानदेशात आलं तेव्हा लोकांनी कंदांवर लाखो रुपये लावले, भाव कोसळला तसं ते वेडही गेलं. बांधावरच्या कळलावीला कुणी भावही विचारला नाही म्हणून ती काही काळ वाचली, एवढंच. हल्ली शहरातले हौशी लोक ऑनलाइन आफ्रिकी वाणाचे कंद मागवतात. फूल मोठं, लाल भडक. मला ते बघवत नाही. आमची गावठी आधी हिरवट पिवळी उमलते, पाकळ्या कुरळ्या होत मागे वळतात, देठाकडून पिवळी आणि टोकाकडून केशरी होत जाते आणि सुकायच्या आधी पूर्ण तांबडी होते. एकाच वेलावर या सगळ्या अवस्था असतात. स्त्रीकेसर बुडाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून बाजूला जातो, जणू आपल्याच फुलाचा पराग नको. ही रचना दाखवताना माझा आवाज चढतो असं घरचे म्हणतात. मोठी पुष्पप्रदर्शनं भरतात जानेवारीत, तेव्हा माझी कुंडी म्हणजे मातीने भरलेलं भांडं. बक्षीस कधी मिळणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे, आणि ते डाचतं.

बॉटनी शिकणारी नात सुटीला आली होती. म्हणाली, "आबा, कुंडीतून काढायचंच कशाला? पाइपात लावा ना." जळगावकडे पीव्हीसी पाइपांना काय तोटा. तिने हातभर लांबीचे तुकडे आणले, उभे चिरले, तारेने पुन्हा बांधून उभे केले आणि मागच्या आखाजीला त्यात कंद आडवे लावले. यंदा होळीनंतर तार सोडून पाइप उघडला. माती एका बाजूला कलंडली आणि दुबेळका तसाच्या तसा समोर. दोन्ही डोळे शाबूत. चाचपणं नाही, श्वास रोखणं नाही. ती टाळ्या वाजवत होती. मी कंदाला कुठे ओरखडा दिसतोय का ते बघत होतो. दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"बघा, काहीच अवघड नाही," ती म्हणाली. तिला कळलंही नाही की माझ्याजवळ सांगण्यासारखं जे होतं ते त्या अवघडपणातच होतं. लोकांना मी फूल दाखवायचो, पण बोलायचो बोटांबद्दल.

येत्या आखाजीला सगळेच कंद पाइपात जातील, बोटांपुढे इलाज नाही. श्रावणात मंडळी फुलं बघायला येतात तेव्हा पाइपांच्या पुढ्यात रिकाम्या मातीच्या कुंड्या मांडून ठेवायच्या, हे मी ठरवलंय. नातीला अजून सांगितलेलं नाही.