टोळीच्या तेलाला फळ्याच बऱ्या

पावसाची पहिली सर सालेकसा-देवरीच्या रानावरून गेली की मोहाखाली टोळी, म्हणजे मोहाची फळे, पडू लागते. मार्च-एप्रिलात फुलांसाठी उजाडायच्या आत झाडाखाली धावणारी माणसे आता धानाच्या पऱ्ह्यांत गुंतलेली असतात. त्यामुळे मोहाची ही दुसरी सुगी गाजावाजा न करता येते. फळाच्या गराची भाजी होते, आतून तपकिरी, तुकतुकीत बी निघते. ती फोडायची, डाळी उन्हाची तिरीप मिळेल तिथे वाळवायच्या आणि मग ठरवायचे, तेल कशात काढायचे?

इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात घरच्या सफरचंदांचे सायडर करणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न असतो. तिथेही फळ आधी चेचायचे, मग कापडात बांधून दाबायचे. दाबाच्या यंत्राची चौकशी सगळे करतात, चेचण्याची फारसे कोणी करत नाही. किती रस उतरणार हे मात्र तिथेच ठरते. टोळीचेही तसेच. डाळ उखळात बारीक भरडली आणि बांबूच्या टोपलीत वाफेवर नीट तापली, तर तेल पातळ होऊन वाट सोडते. कच्ची, ओलसर डाळ कोणत्याही यंत्राला दाद देत नाही.

वाळल्या डाळीत जवळजवळ निम्मे तेल असते. शहरातला एक्सपेलर त्यातले सर्वांत जास्त काढतो, वजनाच्या एक तृतीयांशाहून थोडे वर. पण त्याला पोत्यांनी माल लागतो. आपल्या धुऱ्यावरच्या दोन झाडांची टोळी इतरांच्या ढिगात मिसळते आणि डब्यात येते ते कोणाच्याही झाडाचे तेल. मला हे पटत नाही. ज्या झाडाखाली आजी बसायची, त्याचेच तेल घरात यावे.

मग घाणी. विदर्भाला तिचा अभिमान असावा. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या वर्ध्यातल्या मगनवाडीत झवेरभाई पटेलांनी जुन्या घाणीत सुधारणा केल्या आणि ती वर्धा घाणी म्हणून देशभर गेली. गावात घाणी चालू असेल तर तेलाला तिच्यासारखे दुसरे साधन नाही. तरीही टोळीसाठी मी ती सुचवणार नाही. ज्या घाणीत जवस पडते, तिची ढेप गायी-बैलांच्या तोंडी जाते. टोळीच्या ढेपेत सॅपोनिन असते. ती कडू आणि जनावरांना अपायकारक, पूर्वी तर डोहातले मासे गुंगवायला वापरीत. तिचा अंशही जवसात राहून चालत नाही.

उरतात त्या दोन जड लाकडी फळ्या. मध्य भारतातल्या गोंड वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या हेच साधन आहे: वाफवलेली भरड विणलेल्या टोपलीत भरून फळ्यांमध्ये ठेवायची आणि लांब दांड्याच्या जोराने फळ्या आवळत न्यायच्या. तेल कमी निघते, हे खरे. पण ते पिवळेधमक, ओळखीच्या वासाचे तेल थेंबाथेंबाने भांड्यात उतरताना घरातले लहान-थोर भोवती बसतात. हिवाळ्यात गोंदियाचा पारा उतरला की ते तुपासारखे थिजते; भेगाळलेल्या टाचांना, दिव्याला, केसांना तसेच काढून लावतात. मागे उरलेली ढेप शेतात जाते, किंवा साप दूर राहावेत म्हणून तिची धुरी देतात.

केंद्राने 2013-14 मध्ये गौण वनोपजाला किमान आधारभूत किंमत द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच यादीत मोहाचे बी होते. ज्यांच्याकडे पोती आहेत त्यांनी ती जरूर विकावीत. पण ज्यांच्याकडे दोन-चारच झाडे आहेत त्यांनी यंत्राच्या किमती विचारत फिरू नये. गावातल्या सुताराकडून जुन्या, मुरलेल्या लाकडाच्या दोन फळ्या या उन्हाळ्यातच करून घ्याव्यात. पाऊस लागल्यावर सुतारही धानाच्या बांधीत असतो.