सादळलेली खिडकी

मागच्या बेडरूमची खिडकी मी ऑक्टोबरपासून पुसत होते. आधी ओल्या फडक्यानं, मग वर्तमानपत्राच्या बोळ्यानं, मग पाण्यात व्हिनेगर घालून. आतून झालं तेव्हा शिडी लावून बाहेरूनही झालं. तरी परसातलं पेअरचं झाड रोज सकाळी धुक्यात. मँचेस्टर आहे, धुकं असायचंच, असं म्हणून काही दिवस ढकलले. पण अकरा वाजता बाथरूमच्या खिडकीतून तेच झाड लख्ख दिसायचं, आणि इकडून बघावं तर मोतीबिंदू झाल्यासारखं. एकदा काचेवर बोटानं रेघ ओढली. उमटली नाही. बाहेर जाऊन ओढली, तिथंही नाही. पाणी दोन काचांच्या मधे होतं.

हात पोचत नाही अशा जागी डाग असणं हा छळाचा एक खास प्रकार आहे. आमच्याकडे कामाला येणारा सुतार खिडकीकडे एक नजर टाकून म्हणाला, ‘ब्लोन’. उडाली, फुगली की फुटली, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. रविवारी व्हिडिओवर मिरजेला ताईला समजावून सांगत होते. दोन काचा असतात, मधे बोटभर पोकळी, पोकळीत कोरडी हवा कोंडलेली, चारी कडा बंद. त्या कडा कुठंतरी सुटल्या आणि दमट हवा आत शिरली. ताई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे सादळली म्हण की.”

सादळली! पापड सादळतात, चिवडा सादळतो, पावसाळ्यात काड्यापेटी सादळते. खिडकीही सादळू शकते हे कळल्यापासून मला तिचा राग येईनासा झाला आहे. डबल ग्लेझिंगची खिडकी म्हणजे चिवड्याचा डबाच की. फरक एवढाच, की चिवड्याचा डबा आपण उघडतो म्हणून सादळतो, आणि ही खिडकीची पोकळी कधीच कुणी उघडत नाही. तिला रोज थोडं थोडं उघडतं ते ऊन. दिवसा आतली हवा तापून फुगते आणि कडांना बाहेर रेटते. रात्री गार होऊन आकसते आणि कडांना आत ओढते. वर्षानुवर्षं रोज हा श्वास चालू. एक दिवस कडेचं सील थकतं, आणि रात्रीच्या ओढीबरोबर बाहेरची दमट हवा आत येते.

पण लगेच धुकं दिसत नाही. दोन काचांच्या मधे कडेनं जी चंदेरी पट्टी दिसते ती पोकळ असते. तिला आतल्या बाजूनं बारीक भोकं असतात आणि पोटात ओल शोषणारे मणी भरलेले असतात. मिठाच्या बरणीत आपण तांदळाचे दाणे टाकतो, त्यातलीच युक्ती. हे मणी येणारी ओल पीत राहतात. त्यांचं पोट भरलं की मग पहिला थेंब काचेवर येतो. म्हणजे धुकं दिसलं तो दिवस बिघाडाचा नव्हेच. चिवडा सादळल्याचं आपल्याला दिवाळीनंतर आठवड्यानं कळतं, झाकण मात्र भाऊबिजेलाच सैल झालेलं असतं.

इथपर्यंत डब्याची उपमा चालते, पुढे अडते. सादळलेला चिवडा कढईत परतला की पुन्हा कुरकुरीत होतो. खिडकीचं तसं नाही. काचेला बारीक भोक पाडून आतली ओल सुकवून देणारे लोक इथं आहेत, आणि नवऱ्याला ती कल्पना फारच आवडली होती. धुकं जातं म्हणे. जात असेलही. पण सील फाटकंच राहतं, मणी भरलेलेच राहतात. मी दोन्ही बाजू समजून घेतल्या आणि नको म्हणाले.

दुसरा पर्याय घरी चालून आला. खिडक्यांचे विक्रेते आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा तरी येतात, आणि दरवेळी ‘शेजारच्या रस्त्यावर काम चालू आहे’ म्हणूनच येतात. यावेळी आलेल्याला मी आत घेतलं, चहा दिला. त्यानं दोन तास नऊ खिडक्या मोजल्या आणि आकडा सांगितला साडेनऊ हजार पौंड. मी काहीच बोलले नाही. ऐकून तोंडच उघडलं नाही. त्या गप्प राहण्याचा त्यानं वेगळा अर्थ लावला आणि आठ हजारांवर आला. मग व्यवस्थापकाला फोन, मग साडेसहा, मग ‘आज सही केलीत तर’ पाच हजार आठशे. लक्ष्मी रोडवर साडीला घासाघीस करताना निदान आपल्याला बोलावं तरी लागतं. मला कुणाच्या पोटावर पाय आणायचा नाही, तो बिचारा कमिशनवर जगतो. पण चहा पिता पिता ज्या मालाची किंमत तीन हजार सातशेनं उतरते त्याची खरी किंमत काय, हे त्यालाही माहीत नसणार. सरकारनं २०२२ मध्ये घरांच्या इन्सुलेशनवरचा, हीट पंपांवरचा व्हॅट शून्य केला, तेव्हा खिडक्यांना पंक्तीत घेतलं नाही. त्यांच्यावर वीस टक्के आहेतच. हे मात्र त्यानं शेवटच्या घोटाला सांगितलं.

तो गेल्यावर मी ठरवलं, आधी आपल्या खिडक्या आपणच वाचायच्या. आणि यात इतकी रमले, की मूळ तक्रार बाजूला राहिली.

पहिली गोष्ट, पाणी कुठं आहे ते बघायचं. काचेच्या आतल्या बाजूला, म्हणजे खोलीत, थेंब असतील तर दोष खिडकीचा नाही, आपला. कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळत घातलेले टॉवेल, पंखा न लावता केलेल्या आंघोळी. ही वाफ घरातल्या सगळ्यात गार जागी जाऊन बसते, आणि ती जागा बहुधा काच असते. त्यावर उपाय नवी खिडकी नाही. स्वयंपाक करताना पंखा लावायचा आणि सकाळी दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या. काचेच्या बाहेरच्या बाजूला पहाटे दव असेल तर आनंद मानायचा. घरातली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, म्हणून ती गवतासारखी गार पडते आणि दव धरते. पलीकडच्या निवृत्त मास्तरांनी नव्या खिडक्या बसवल्या आणि सप्टेंबरात बाहेरून ओल्या दिसल्या म्हणून बसवणाऱ्यांना दोनदा बोलावलं. चांगल्या मालाची तक्रार करणारा असा ग्राहक त्यांना पुन्हा मिळायचा नाही. मधलं पाणी तेवढं खरं दुखणं.

दुसरी गोष्ट, वय. त्या चंदेरी पट्टीवर पुष्कळदा तारीख छापलेली असते. मोबाइलचा दिवा तिरपा धरून मी पापडाच्या पाकिटावरची तारीख वाचावी तशी वाचली: मागच्या खिडकीत १९९८. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००२ पासून बदललेल्या खिडकीला एक तर नगरपालिकेचा दाखला लागतो नाहीतर ‘फेन्सा’सारख्या योजनेत नोंदलेल्या कंत्राटदाराचा. घर विकताना सॉलिसिटर तो कागद मागतोच. आमच्या खिडक्या त्या नियमाच्या आधीच्या, म्हणून घर घेताना कुणी विचारलं नव्हतं, हेही तेव्हा उलगडलं.

तिसरी गोष्ट निरांजनाची, आणि ही मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. रात्री दिवे मालवायचे, पडदे नीट बाजूला सारायचे (नीट!), आणि काचेजवळ निरांजन धरून तिरपं बघायचं. काचेत एक नाही, चार ज्योती दिसतात. दोन काचा, प्रत्येकीला दोन अंगं, म्हणून चार. चारही सारख्या पिवळ्या दिसल्या तर साधी काच. एक ज्योत वेगळ्या रंगाची, जांभळट किंवा गुलाबीसर दिसली तर त्या अंगावर धातूचा अतिसूक्ष्म लेप आहे. तो खोलीतली ऊब खोलीतच परत फेकतो. इथं तो बहुधा आतल्या काचेच्या पोकळीकडच्या अंगावर असतो, म्हणजे आपल्याकडून दुसरी ज्योत. मी संध्याकाळी देवापुढचं निरांजन घेऊन नऊ खिडक्या फिरले. आठांमध्ये चार-चार पिवळ्या. फक्त स्वयंपाकघरात दुसरी ज्योत गुलाबी. आधीच्या मालकानं तेवढी एक काच कधीतरी बदलली असणार. समोरच्या घरातून कुणी बघितलं असेल तर आमच्याकडे कसला उत्सव आहे असं वाटलं असेल.

उदबत्तीचंही काम निघालं. बंद झडपेच्या कडेनं उदबत्ती फिरवली. जिथं धूर डुलला तिथं रबराची कड कडक होऊन आकसली होती. कड बदलता येते. बिजागऱ्या बदलता येतात, मुठी आणि कुलपंही. चौकटीच्या तळाशी बाहेरून पाणी निथळायची भोकं असतात, ती आमच्या मागच्या खिडकीत शेवाळानं गच्च बुजली होती. विणकामाच्या सुईनं मोकळी केली तर कपभर काळं पाणी आलं. किती वर्षं काचेची खालची कड त्या पाण्यात बसली होती कोण जाणे. चिवड्याचा डबा ओल्या ओट्यावर ठेवला की आणखी काय होणार!

नव्या खिडक्यांच्या बाजूनं नवऱ्याचा मुद्दा उष्णतेचा होता, आणि तो अगदीच खोटा नाही. म्हणून आकडे मांडले. एकेरी काचेच्या खिडकीतून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला, साधारण ५ वॉट ऊब निसटते. आमच्यासारख्या जुन्या दुहेरीतून २.८. आताच्या नियमातल्या नव्या खिडकीतून १.४. दीड चौरस मीटरची खिडकी आणि पंधरा अंशांचा फरक धरला तर एकेरीतून ११२ वॉट, जुन्या दुहेरीतून ६३, नवीतून ३१. मोठी उडी एकेरीवरून दुहेरीवर येताना असते, आणि ती आमच्या घरानं १९९८ मध्येच मारली आहे. आता एका खिडकीमागे वाचतो तो तीस वॉटचा एक दिवा, तोही थंडीत. अशा आठ-नऊ दिव्यांसाठी पाच हजार आठशे पौंड खर्चायचे तर ते फिटेपर्यंत नवऱ्याची पेन्शन सुरू होईल.

चौकटच गेली असेल तर गोष्ट वेगळी. लाकूड कुजलं असेल, झडप वाकून बिजागरी बदलूनही बसत नसेल, कोपऱ्याचे सांधे उकलले असतील, आग लागली तर वरच्या मजल्यावरून बाहेर पडण्याइतकी झडप उघडत नसेल, किंवा निम्म्या खिडक्या एकदम सादळल्या असतील, तर पूर्ण बदलावी. तिथं काटकसर करू नये. आमच्या चौकटी पिवळट पडल्या आहेत, पण आम्हीही पडलो आहोत. नुसती काच बदलायला दाखलाही लागत नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या काचवाल्याकडे मापं दिली. लांबी, रुंदी आणि जाडी. जाडी विसरू नये, जुन्या चौकटीत नवी जाड काच बसत नाही. लेपवाली हवी एवढं बजावून सांगितलं. मागच्या खिडकीतल्या दोन्ही जोडकाचांचे बसवण्यासकट दोनशे तीस पौंड.

गेल्या गुरुवारी तो आला. आतल्या बाजूच्या पट्ट्या पटापट उपटल्या, जुनी काच काढली, नवी ठेवली, पट्ट्या ठोकल्या. वीस मिनिटांत एक. जुनी काच न्यायला निघाला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि ती चंदेरी पट्टी कापून द्यायला सांगितली. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग कापून दिली. हलवली तर खुळखुळली. वाटीत ओतल्यावर मोहरीएवढे मणी निघाले. ताईला कॅमेऱ्यावर दाखवले तर ती म्हणाली, “फोडणीच्या डब्याजवळ ठेवू नकोस गं.”

त्या रात्री मागच्या खिडकीशी निरांजन धरलं. दुसरी ज्योत गुलाबी आली. पेअरचं झाड आता सकाळी इतकं स्पष्ट दिसतं, की त्याची छाटणी किती राहिली आहे तेही दिसतं.

काल मात्र दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीत, खालच्या डाव्या कोपऱ्यात, नखाएवढं काहीतरी दिसलं. आतून पुसलं, बाहेरून पुसलं. दुपारी ऊन आल्यावर ते गेलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.