सातारचा वारा, यॉर्कशायरची चिमणी

गोष्ट 2008च्या उन्हाळ्यातली. म्हणजे इथल्या उन्हाळ्यातली, तेव्हा बाहेर पाऊस होता हे सांगायला नकोच. यॉर्कशायरमधल्या एका काच कारखान्यात मी ऊर्जा विभागात होतो. भट्टीच्या चिमणीतून चारेकशे अंश तापलेला धूर नुसता आभाळात जायचा. त्याच धुराने कच्चा माल आधी तापवून मग भट्टीत सोडला तर बराच गॅस वाचेल, असा प्रस्ताव मी सहा महिने खपून तयार केला होता. साहेबांनी तो चाळला आणि अकाउंट्सच्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी एक कागद पुढे सरकवला. त्यावर जगभरच्या प्रकल्पांची यादी. कुठे चीनमधलं धरण, कुठे ब्राझीलमधली उसाची चिपाडं, आणि तिसऱ्या ओळीत पवनचक्क्या, जिल्हा सातारा, महाराष्ट्र!

मी चाट पडलो. माझं आजोळ पाटण तालुक्यातलं.

हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगतो. युरोपात 2005पासून मोठ्या कारखान्यांना कार्बन डायऑक्साइडचा कोटा असतो. कोटा संपला की बाजारातून परवाने विकत घ्यायचे. पण क्योटो करारात एक सोय होती (पळवाट म्हणा हवं तर). तिचं नाव क्लीन डेव्हलपमेंट मेकॅनिझम. भारतासारख्या देशात एक टन वाचला की संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेकडून एक क्रेडिट मिळे, आणि ठराविक मर्यादेपर्यंत ते इथे परवान्याऐवजी चाले. कोळशाच्या विजेचं एक युनिट म्हणजे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे पवनचक्कीची हजारेक युनिटं झाली की एक क्रेडिट. त्या उन्हाळ्यात त्याचा भाव वीस युरोच्या आसपास होता. इथल्या परवान्यापेक्षा स्वस्त, आणि माझ्या प्रस्तावापेक्षा तर फारच.

"टन इथे वाचला काय आणि तिथे वाचला काय, हवा एकच," साहेब म्हणाले. यात शास्त्रीय चूक काढता येईना. फाइल कपाटात गेली.

रात्री मामाला फोन लावला.

"मामा, पवनचक्क्या काय म्हणतायत?"

"फिरत्यात की! रातभर घोंगावत्यात."

"आणि वीज?"

"ती दुपारधरनं गेलीया. कंदील लावून बसलोय."

महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगचे ते दिवस. मी त्याला सांगितलं, की तुमच्या पठारावरचा वारा आता आमचे साहेब विकत घेणार. मामा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "वाऱ्याचं पैसं? आन् ते कुणाला?"

"चक्कीच्या मालकाला."

"मंग बराय," म्हणाला आणि पावसापाण्याचं विचारू लागला.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. नियम असा होता, की क्रेडिटच्या पैशाशिवाय जो प्रकल्प उभाच राहिला नसता, त्यालाच क्रेडिट. आता वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून दिसू लागल्या होत्या, आणि क्योटो करार अमलात आला 2005 साली. शिवाय तेव्हा पवनचक्की लावणाऱ्या कंपनीला पहिल्याच वर्षी 80 टक्के घसारा दाखवून कर वाचवता येई. मग आमच्या वीस युरोंमुळे जास्तीची चक्की नेमकी कुठली लागली? एकादशी माझी आणि उपास मामाने करायचा, असा हा व्यवहार. तेही एक वेळ चालेल हो. पण मामा त्या दिवशी तसाही जेवणार नसेल तर?

पवनचक्क्या निदान खरी वीज तरी करत होत्या. एचएफसी-23ची कथा याहून भारी. शीतकरणाचा वायू बनवताना निघणारा हा टाकाऊ वायू. त्याचा एक टन जाळला की तब्बल 11,700 क्रेडिटं! मुख्य मालापेक्षा कचरा किफायतशीर झाला. शेवटी 2013च्या मेपासून युरोपने ही क्रेडिटं नाकारली. त्याआधीच, 2012 संपता संपता, साध्या क्रेडिटचा भाव एक युरोच्याही खाली घसरला होता. मंदीमुळे गिऱ्हाईक कमी आणि माल उदंड.

2021पासून ब्रिटनचा स्वतःचा कार्बन बाजार आहे. त्यात परदेशी क्रेडिट चालत नाही. म्हणून गिऱ्हाईक संपलं असं मात्र नाही. ईझीजेटने 2019मध्ये आपल्या सगळ्या उड्डाणांचा हिशेब अशा प्रकल्पांतून चुकवायला घेतला आणि 2022मध्ये ते बंद करून पैसा स्वतःच्या विमानांकडे वळवायचं ठरवलं. पण आंतरराष्ट्रीय विमानसेवेसाठी कॉर्सिया नावाची नवी योजना आहे, आणि तिच्यात पुन्हा क्रेडिटंच आहेत.

मला या व्यवहाराचा राग नाही. सातारला चक्की लागावीच. पण तिच्या स्वस्ताईने इथलं काम टळलं, हे मला खुपतं. दोन्ही व्हायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या बैठकीत मी एवढंही बोललो नाही. नोकरी नवी होती, व्हिसा कंपनीचा होता.

परवा एम-62वरून जाताना ती चिमणी दिसली. तोंडाशी हवा थरथरत होती. चारेकशे अंश तरी असेल.